मैदानावरचे मास्तर : चंद्रकांत पंडित
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



अमेरिकेत महाविद्यालयांच्या फुटबॉल संघांना जो मान आहे, त्याची कल्पना आपल्याकडे येणे कठीण. तेथील अनेक राज्यांत सरकारी तिजोरीतून सर्वाधिक वेतन घेणारी व्यक्ती राज्यपाल नसते, न्यायाधीशही नसते. ती असते विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक. आपल्याकडे प्रशिक्षकाचे नाव बातमीच्या शेवटच्या ओळीत आले तरी पुष्कळ झाले. रणजी करंडक कोणी जिंकला हे शाळेतला मुलगा सांगू शकेल, कर्णधार कोण होता हेही सांगेल. पण त्या संघाला शिकविले कोणी, असे विचारले की तो गप्प होतो. अशा एका शिकविणाऱ्या माणसाच्या वाटचालीचा परामर्श या व्याख्यानात घ्यावयाचा आहे. चंद्रकांत पंडित हे त्यांचे नाव. प्रशिक्षक या नात्याने त्यांनी सहा वेळा रणजी करंडक जिंकला, आणि तोही तीन वेगवेगळ्या संघांकडून.

रायपूरच्या मराठी माणसाला हा विषय परका नाही. १९५६ पर्यंत नागपूर हीच येथली राजधानी होती. पुढे २००० सालापर्यंत रायपूर मध्य प्रदेशात होते. छत्तीसगड राज्य झाल्यावरही येथल्या क्रिकेटपटूंना रणजी खेळण्यासाठी मध्य प्रदेशाचाच आधार होता. भिलाईचे ऑफस्पिनर राजेश चौहान २१ कसोटी सामने खेळले, ते मध्य प्रदेशाकडून पुढे येऊनच. पंडितांनी ज्या दोन संघांना त्यांच्या इतिहासातला पहिला रणजी करंडक मिळवून दिला, ते विदर्भ आणि मध्य प्रदेश. म्हणजे दोन्हीकडे आपले जुने घर आहे.

चंद्रकांत पंडित यांचा जन्म ३० सप्टेंबर १९६१ रोजी मुंबईत झाला. क्रिकेटचे संस्कार झाले ते रमाकांत आचरेकर सरांच्या तालमीत. आचरेकर सर स्वतः प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना खेळले होते. मोठा खेळाडू होणे आणि मोठा शिक्षक होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सांगण्यासाठी याहून वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही. विद्यार्थ्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे आणि एकाच दिवशी शक्य तितके डाव खेळायला लावायचे, ही त्यांची रीत. यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवायचे. गोलंदाजाने बाद केले तर नाणे गोलंदाजाचे, फलंदाज शेवटपर्यंत नाबाद राहिला तर त्याचे. तोंडावर कौतुक करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी ते गेले. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांच्यामुळे त्यांचे नाव घरोघरी पोचले खरे, परंतु त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी किती जण पुढे स्वतः शिक्षक झाले, याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, समीर दिघे, रमेश पोवार, अमोल मुझुमदार हे सगळे पुढे प्रशिक्षक झाले. एका शिक्षकाने मागे शिक्षकांची पिढी ठेवावी, ही दुर्मिळ गोष्ट आहे.

खेळाडू म्हणून पंडितांची कारकीर्द चांगली, पण अपुरी राहिली. यष्टिरक्षक आणि फलंदाज अशी दुहेरी उपयुक्तता असूनही त्यांच्या काळात किरण मोरे यांनी यष्टीमागची जागा पक्की केली होती. १९८६ साली लीड्स येथे इंग्लंडविरुद्ध पंडितांचे कसोटी पदार्पण झाले. त्याच वर्षी मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सुप्रसिद्ध बरोबरीचा कसोटी सामना झाला, त्यातही ते होते. दोन डावांत त्यांनी ३५ आणि ३९ धावा केल्या. १९८७ च्या विश्वचषकाचा उपांत्य सामना वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध ते खेळले. एकूण ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने. १९९२ नंतर भारतीय संघाचे दार त्यांच्यासाठी बंद झाले. संघात असूनही जागा निश्चित नसणे म्हणजे काय, बाराव्या खेळाडूची बनियन घालून पाणी नेताना मनात काय चालते, हे त्यांनी जवळून अनुभवले असणार. पुढे ज्या खेळाडूंना त्यांनी शिकविले, त्यांतले बहुसंख्य याच रांगेत उभे होते.

मुंबईबाहेर आसाम आणि मग मध्य प्रदेशाकडून ते रणजी खेळले. मध्य प्रदेशात ते कर्णधार झाले. १९९८-९९ च्या हंगामात त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने अंतिम फेरी गाठली. सामना बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर, यजमान कर्नाटकाशी. कर्नाटकाच्या ३०४ धावांना मध्य प्रदेशाने ३७९ धावांनी उत्तर दिले, म्हणजे ७५ धावांची आघाडी घेतली. ज्यांना क्रिकेटची बारकाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. रणजीचा बाद फेरीतला सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजयी ठरतो. त्यामुळे शेवटच्या दिवशी मध्य प्रदेशाने २४७ धावा केल्या असत्या तर करंडक त्यांचा होता, आणि केल्या नसत्या, नुसते दिवसभर टिकले असते, तरी तो त्यांचाच होता. दोहोंपैकी एकही झाले नाही. विजय भारद्वाज यांच्या फिरकीपुढे संघ १५० धावांत बाद झाला. भारद्वाज यांनी सहा बळी घेतले. कर्नाटक ९६ धावांनी जिंकले.

जे हातात आले होते ते निसटले, असे म्हणण्यासारखे सामने थोडेच असतात, आणि हा त्यांतला एक. याचा सल कर्णधाराच्या मनात किती खोल असतो हे पुढे तेवीस वर्षांनी सर्वांना दिसले. पण त्याआधी मधला काळ आहे, आणि तो या कथेत अधिक महत्त्वाचा आहे.

खेळणे थांबल्यावर पंडित प्रशिक्षणाकडे वळले. मुंबईने त्यांच्या मार्गदर्शनाखाली २००२-०३ आणि २००३-०४ असे लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकले. पुढे बऱ्याच वर्षांनी, २०१५-१६ मध्ये, त्यांच्याच हाताखाली मुंबईने पुण्यात सौराष्ट्राला डावाने हरवून आणखी एक करंडक मिळविला. या तीन विजयांवर येथे फार वेळ घालविण्याचे कारण नाही. मुंबईला जिंकण्याची सवय होती. शतकी परंपरेच्या नामवंत शाळेचा निकाल चांगला लागला तर त्यात शिक्षकांचा वाटा किती आणि शाळेच्या पुण्याईचा किती, हे ठरविणे अवघड असते, तसेच हे. २०१६-१७ मध्ये मुंबई इंदूरला गुजरातकडून अंतिम सामन्यात हरली आणि पुढच्या हंगामासाठी मुंबईने नवा प्रशिक्षक निवडला. अंतिम फेरीपर्यंत संघ नेणाऱ्याला निरोप मिळावा, हे त्या नगरीच्या क्रिकेटमधील अपेक्षांचे मोजमाप आहे.

पंडित नागपूरला गेले.

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता. साठ वर्षे झाली तरी करंडक कधी आला नव्हता. अंतिम फेरीही नव्हती. अनेक हंगाम तर खालच्या, प्लेट गटात गेले. आपल्या शाळेच्या भाषेत बोलायचे तर विदर्भ क्रिकेटचे ते हीरक महोत्सवी वर्ष होते. साधने नव्हती असे नाही. जामठ्याला मोठे मैदान झाले होते, निवासी अकादमीतून मुले तयार होत होती, वलनीच्या खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव भारताकडून खेळत होता, गोलंदाजीसाठी सुब्रतो बॅनर्जींसारखा जाणता मार्गदर्शक होता. वसीम जाफर यांच्यासारखा मुरलेला फलंदाज मुंबईहून आला होता. उणीव होती ती वेगळी. चांगले खेळून हरण्यात गैर काही नाही, असे मानण्याची सवय संघाला जडली होती. विदर्भाच्या जुन्या क्रिकेटरसिकांना हे वाक्य झोंबेल, पण ते खोटे म्हणतील असे वाटत नाही.

२०१७ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उपांत्य सामना कर्नाटकाशी झाला. पहिल्या डावात विदर्भ १८५ वर बाद. कर्नाटकाची आघाडी ११६ धावांची. येथे जुना विदर्भ संपला असता. दुसऱ्या डावात त्यांनी ३१३ धावा केल्या आणि कर्नाटकाला १९८ धावांचे आव्हान दिले. रजनीश गुरबानी या तरुण वेगवान गोलंदाजाने, जो स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर आहे, ६८ धावांत सात बळी घेतले आणि विदर्भ अवघ्या ५ धावांनी जिंकला. पुढे इंदूरला अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध याच गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यात तोवर एकाच गोलंदाजाने, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम् यांनी १९७२-७३ मध्ये, हा पराक्रम केला होता. अक्षय वाडकर या नवख्या यष्टिरक्षकाने १३३ धावा केल्या. दिल्लीचे २९५ आणि २८०, विदर्भाचे ५४७; उरलेल्या २९ धावा एक गडी गमावून केल्या. १ जानेवारी २०१८ रोजी कर्णधार फैज फजल यांच्या हाती करंडक आला.

पुढच्या वर्षी पुन्हा आला. २०१९ च्या फेब्रुवारीत नागपूरला सौराष्ट्राविरुद्धचा अंतिम सामना ७८ धावांनी जिंकताना आदित्य सरवटेने ११ बळी घेतले. चेतेश्वर पुजाराला त्याने पहिल्या डावात १ आणि दुसऱ्या डावात शून्यावर बाद केले. दोन्ही वर्षी इराणी करंडकही विदर्भाकडेच राहिला. पहिला विजय योगायोगाचा म्हणणाऱ्यांची तोंडे दुसऱ्या विजयाने बंद झाली.

या संघातल्या खेळाडूंकडे जरा नीट पाहावे. फैज फजल भारताकडून एकच एकदिवसीय सामना खेळले, २०१६ साली झिंबाब्वेत, आणि त्यात नाबाद ५५ धावा केल्या. गुरबानी, वाडकर, सरवटे त्या विजयाच्या वेळी भारतीय संघाच्या दारापासून दूर होते. पंडितांचे यश अशा मुलांवर उभे आहे. तेंडुलकर घडविणे ही एक थोर गोष्ट आहे. परंतु तेंडुलकर वर्गात येण्याची वाट पाहत बसणारा शिक्षक उरलेल्या एकोणपन्नास मुलांचे काय करतो? पंडितांनी त्या एकोणपन्नासांना घेऊन करंडक जिंकला. शिक्षकी पेशातल्या माणसाला त्यांच्याविषयी जो आदर वाटतो त्याचे मूळ येथे आहे.

मार्च २०२० मध्ये मध्य प्रदेशाने त्यांना बोलावले आणि लगेच महामारी आली. २०२०-२१ चा रणजी हंगाम झालाच नाही. स्पर्धेच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. मध्य प्रदेशाच्या मागे इंदूरच्या होळकर संघाची पुण्याई आहे. नागपूरात जन्मलेल्या सी. के. नायडू यांच्या त्या संघाने १९४५ ते १९५३ या काळात चार वेळा रणजी जिंकला होता. पण मध्य प्रदेश या नावाने एकदाही नाही. देवेंद्र बुंदेला १४५ रणजी सामने खेळून निवृत्त झाले, करंडक न उचलता.

२०२२ चा हंगाम दोन टप्प्यांत झाला, मध्ये आयपीएल. बाद फेरीच्या सुमारास आवेश खान आणि वेंकटेश अय्यर भारतीय संघासोबत होते, म्हणजे संघाचे दोन मोठे खेळाडू नव्हतेच. उपांत्य फेरीत बंगालला १७४ धावांनी हरवून आदित्य श्रीवास्तव यांचा संघ अंतिम फेरीत आला. मैदान चिन्नास्वामी, समोर मुंबई. एकेचाळीस वेळा रणजी जिंकलेली मुंबई, पंडितांचे माहेर. आणि मुंबईचे प्रशिक्षक कोण, तर अमोल मुझुमदार. तेही आचरेकर सरांचेच विद्यार्थी. शारदाश्रमच्या ६६४ धावांच्या भागीदारीच्या वेळी पॅड बांधून तंबूत बसून राहिलेला तो मुलगा. गुरूबंधू गुरूबंधूसमोर उभे, असा हा सामना.

मुंबईने ३७४ धावा केल्या, सरफराज खानचे शतक त्यात होते. मध्य प्रदेशाचे उत्तर ५३६. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२. येथे धावसंख्येपेक्षा तिची चाल पाहण्यासारखी आहे. घाई नाही, चमकदारपणा नाही. आघाडी घेतली की सामना अर्धा जिंकला हे गणित प्रत्येक फलंदाजाच्या डोक्यात बसविलेले. १९९९ साली आघाडी घेऊनही शेवटचा दिवस निभावता आला नव्हता. या वेळी मुंबईचा दुसरा डाव कुमार कार्तिकेयच्या फिरकीपुढे २६९ वर संपला आणि उरलेल्या १०८ धावा चार गडी गमावून झाल्या. २६ जून २०२२. साठीला टेकलेला, एरवी कठोर म्हणून ओळखला जाणारा हा प्रशिक्षक त्या दिवशी डोळे पुसत होता आणि मुलांनी त्याला खांद्यावर घेतले होते. तेवीस वर्षांपूर्वी याच मैदानावर गमावलेल्या करंडकाची आठवण त्यांनी स्वतःच काढली.

वृत्तपत्रांनी याला सूड म्हटले. तो शब्द येथे शोभत नाही. १९९९ साली जे हरले ते खेळाडू २०२२ साली मैदानावर नव्हते; आणि जिंकलेल्या मुलांपैकी काहींचा तर त्या पराभवानंतर जन्म झाला. आपली चूक दुसऱ्याच्या हातून सुधारून घेता येते ती फक्त शिक्षकाला. ती सुधारली तरी आपल्या स्वतःच्या खात्यावर ती धाव जमा होत नाही, हेही त्याला मान्य करावे लागते.

आता त्यांच्या शिस्तीविषयी, कारण पालकांच्या मनात तो प्रश्न असणारच. पंडित कडक आहेत. वेळ, पोशाख, आहार, मैदानाबाहेरचे वागणे, सर्वांवर त्यांची नजर असते. वलयांकित खेळाडूला वेगळा नियम नसतो. रणजीच्या संघांत ही रीत फळाला आली. ऑगस्ट २०२२ मध्ये कोलकाता नाईट रायडर्स या आयपीएल संघाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले, तेव्हा मात्र तिची दुसरी बाजू दिसली. जगभर खेळून आलेल्या, आपली जबाबदारी जाणणाऱ्या प्रौढ खेळाडूंना काय घालावे, केव्हा काय करावे हे सांगितलेले रुचत नाही. त्या संघातून खेळलेल्या एका परदेशी खेळाडूने ही पद्धत लष्करी असल्याची तक्रार पुढे उघडपणे केली. पहिल्या वर्षी संघ सातवा आला. दुसऱ्या वर्षी, गौतम गंभीर मार्गदर्शक म्हणून सोबत असताना, २६ मे २०२४ रोजी चेन्नईत हैदराबादला ११३ धावांत गुंडाळून कोलकात्याने आयपीएल जिंकली. तिसऱ्या वर्षी संघ आठवा आला आणि जुलै २०२५ मध्ये पंडित त्या पदावरून दूर झाले.

शिस्तीचे गुणगान करणाऱ्यांनी २०२४ चा विजय सांगायचा आणि तिला नावे ठेवणाऱ्यांनी २०२५ चा आठवा क्रमांक, असे केल्यास दोघांचेही समाधान होईल. पण त्यातून शिकण्यासारखे काही उरणार नाही. एकवीस वर्षांच्या मुलाला जी चौकट आधार वाटते, ती पस्तिशीच्या माणसाला अडचण वाटते. आचरेकर सरांपुढे शाळकरी मुले होती. विदर्भात आणि मध्य प्रदेशात पंडितांपुढे होते ते पहिल्यांदा मोठे स्वप्न पाहणारे तरुण, आणि त्यांच्या शिक्षकाने ते स्वप्न हातातून निसटताना स्वतः पाहिलेले होते. जेथे शिकविणाऱ्याचे दुःख आणि शिकणाऱ्याची ओढ एक होती, तेथे कडकपणा सोसला गेला. फ्रँचायझीच्या दोन महिन्यांत ते नाते जुळण्यास अवधी कुठला? आपल्या घरातही दहावीच्या मुलाला लावलेली शिस्त तो नोकरीला लागल्यावर तशीच चालवू पाहणारे पालक आहेत. त्यांचा अनुभव वेगळा नसेल.

मागे राहिलेल्या शिष्यांचे काय झाले, हे पाहणे उचित ठरेल. रजत पाटीदार २०२५ साली बंगळूरच्या आयपीएल संघाचा कर्णधार म्हणून विजयी झाला. अमोल मुझुमदार, जे २०२२ ला चिन्नास्वामीवर हरले, ते २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्या संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. स्वतः ते भारताकडून एकही सामना खेळले नव्हते. आणि विदर्भ? पंडित नागपूर सोडून गेल्यानंतर, २०२५ च्या मार्चमध्ये, केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ३७९ विरुद्ध ३४२ अशा पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भाने तिसरा रणजी करंडक मिळविला. कर्णधार होता अक्षय वाडकर, इंदूरचा तोच नवखा यष्टिरक्षक. प्रशिक्षक उस्मान घनी.

छत्तीसगडला रणजीत स्वतंत्र स्थान मिळाले ते २०१६-१७ पासून. पहिलाच सामना त्रिपुराविरुद्ध जिंकून संघाने चांगली सुरुवात केली होती. नवा रायपुरात शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचे भव्य मैदान त्याच्याही आधीपासून उभे आहे, आणि २१ जानेवारी २०२३ रोजी भारताने तेथे न्यूझीलंडला १०८ धावांत बाद केले तेव्हा या सभागृहातील कितीतरी मंडळी प्रेक्षकांत होती. करंडक मात्र अजून आलेला नाही. विदर्भाला साठ वर्षे लागली, मध्य प्रदेशाला त्याहून अधिक. येथल्या मुलांना तितकी वाट पाहावी लागू नये असे वाटत असेल, तर मैदानाच्या आसनसंख्येचा अभिमान थोडा बाजूला ठेवून एका गोष्टीची मागणी राज्याच्या क्रिकेट संघटनेकडे करावी लागेल : चांगला शिक्षक आणावा, आणि तीन-चार वर्षे त्याला त्याच्या वर्गात राहू द्यावे.